मंगळावर पाणी होतं तेव्हा

मु. पळसदरी, तालुका कर्जत
वैशाख वद्य ४, शके १८२९

चिरंजीव सुंदरा हिला बाबांचा आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी थोडी जागा कोरी ठेवली होती. सौभाग्यवती लिहिता येत नाही, आणि जे लिहायचं ते हातून उमटत नाही. तेव्हा नुसतं चिरंजीव. तेवढं तरी खरं असो.

जावईबापू गेले त्या वर्षी तुझं शेवटचं पत्र आलं. त्यात चारच ओळी होत्या. त्यातली एक मला तोंडपाठ आहे. ‘तुमचं गणित बरोबर आलं असं इथे सगळे म्हणतात.’ त्यानंतर मी तीन पत्रं टाकली. उत्तर नाही. मी रागावलो नाही. राग यायला काहीतरी जागं असावं लागतं. माझं आताशा तसं नाही. भाकरी खातो, गुरं सोडतो, गुरं बांधतो.

लिहिण्याचं कारण तुझी आई. तिला छातीचं दुखणं झालं आहे. आडवं झालं की धाप लागते, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपते. कर्जतच्या डाक्तराने बाटली दिली, ती संपली. काल म्हणाली, “अवो, पोरीला लिवा. म्हनावं, सवड काढून तोंड दाव.” म्हणून लिहितो. इगतपुरीहून कल्याण, कल्याणला गाडी बदलली की कर्जत. कर्जतला पोपट हमाल तुला ओळखेल, त्याला सांगून ठेवतो. ये.

पत्र खरं म्हणजे इथेच संपलं. पण लिफाफा घेतलाय आणि कागद उरलाय. कोरा कागद पाठवणं म्हणजे रिकामं सूप पाठवण्यासारखं.

मी रेल्वेच्या नोकरीतून सुटून सात वर्षं झाली, तरी पोपट टेशनावर लोकांनी टाकलेले छापील कागद मला आणून देतो. रुळांचे सांधे बदलता बदलता मी अक्षरं शिकलो ती त्याच्या बापाला माहीत होती. त्या कागदांत मुंबईचं एक जुनं मासिक आलं. त्यात मंगळावर लेख आहे. मोठमोठ्या दुर्बिणी लावून बसणारे लोक म्हणतात की मंगळ हा आपल्या पृथ्वीसारखाच गोळा आहे, शेजारीच आहे, आणि आज तो कोरडा ठाक असला तरी फार पूर्वी, कल्पनेत मावणार नाही इतक्या पूर्वी, त्याच्यावर पाणी असावं. समुद्र, नद्या, पाऊस. पाऊस! मी ती ओळ तीनदा वाचली.

तू सहा वर्षांची असशील. रुळाच्या भरावावर मी तुला खांद्यावर घेऊन उभा होतो. तू बोट करून म्हणालीस, “बाबा, तो तांबडा माझ्यावर रागावलाय का?” तुझ्या कानावर तोवर मंगळी हा शब्द पडला होता, माझ्याच तोंडून. मी म्हणालो, “नाय गं, त्याचा रंगच तसा.”

उत्तर बरोबर होतं. मी त्यावर राहायला हवं होतं.

आताशा पहाटे गुरं सोडायला उठतो तेव्हा तो दक्षिणेच्या अंगाला असतो. चांगला दिव्याएवढा. मी त्याच्याकडे बघतो आणि तिथे भाताची खाचरं होती असं धरतो. मला काही वाटत नाही, पण बघवतं.

आईसाठी ये.

बाबा


पळसदरी
ज्येष्ठ वद्य ११

चिरंजीव सुंदरा,

तुझं उत्तर नाही, तूही नाहीस. पत्र पोचलं नसेल असं तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, “टपाल इंग्रजाचं हाय. पोचतं.”

तिचं बरं आहे. म्हणजे तसंच आहे.

लावणी उरकली. चार मजूर बायका होत्या, आणि मी. गुडघे बोलतात पण ऐकतो कोण. पावसाची झड लागली आहे. मासिकात लिहिलं होतं की याच आठवड्यात मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ येणार, कित्येक वर्षांत आला नव्हता इतका. आणि आपल्याकडे वर नुसतं घोंगडं. इतका जवळ येऊनही दिसायचा नाही. असू दे. आपल्याकडे जवळ आलेलं दिसत नाही ही काही नवी गोष्ट नाही.

दिसत नाही म्हणून मी मनानेच बघतो. तुझी आई ऐकते. तिला दुसरं काम नाही, आणि मलाही.

मी तिला सांगितलं, फार पूर्वी तिथे उल्हासेसारखी नदी होती. तिला दोन्ही बाजूंनी ओहोळ मिळत. पात्राच्या कडेला गाळ साठे. माती आपल्याहून तांबडी, राजमाचीच्या वाटेवर आहे तशी. त्या मातीत पाणी कोंडलं की ते गढूळ तांबूस दिसे, आणि त्यात रोपं लावली की लांबून सगळं हिरवं. तेव्हा आपल्याकडून कोणी बघणारा असता तर त्याला तो ग्रह तांबडा दिसलाच नसता. हिरवा दिसला असता. मग त्याला कोणी क्रूर म्हटलं असतं का?

तुझी आई म्हणाली, “रोपं लावायला मानसं नकोत?”

मी म्हटलं, “असतील.”

“बायका?”

“असतील की.”

“मंग त्यांच्यात बी कुनी तुमच्यासारखा शाना आसंल. आपली धरती बघून म्हनत आसंल, ह्यो निळा गोळा लई वंगाळ, पोरीच्या पत्रिकेत पडला.” आणि ती हसली. हसता हसता धाप लागली, मग मी पाठ चोळली.

माझ्या मनात दुसरंच होतं. ते लिहायला हवं, पण आज हात भिजून पांढरे झालेत, टाक धरवत नाही.

तुला आठवतं का, आपल्यात पत्रिका बघतच नाहीत? आपण कुणबी माणसं. पोर दिसायला धड, घरी चार खंडी भात, की सुपारी फुटली. चौक गावच्या येसाजीने तुला त्याच्या पोरासाठी, नामासाठी मागितली तेव्हा तो पत्रिकेचं नाव काढायला आला नव्हता. गूळ घेऊन आला होता. मीच पेटीतून कागद काढला. मी स्वतः मांडलेली पत्रिका, पंचांग बघून, मिनिटाला पक्की. मला ती दाखवायची होती. हे मी आज लिहितो, तेव्हा कबूल केलं नसतं. म्हटलं, “येसाजी, लपवून ठेवणार नाही, मुलीला लग्नी मंगळ आहे.”

तो म्हणाला, “मालोजी, आमच्यात कोन बघतो रं? ठेव ती तुझी चिठ्ठी.” पण त्याची बायको उठून उभी राहिली होती. एकुलता एक पोरगा. गूळ त्यांनी परत नेला नाही, इथेच ठेवून गेले. ते जास्त वाईट.

नामाला आता पाच मुलं आहेत. ठणठणीत आहे. हे तुला लिहू नये. लिहिलं.

पाऊस उघडला की आईला गाडीत घालून मुंबईला न्यावं असं पोपट म्हणतो. ती नाही म्हणते. तुझी वाट बघते असं म्हणत नाही, पण दाराकडे तोंड करून बसते.

बाबा


पळसदरी
श्रावण वद्य १३

चिरंजीव सुंदरा,

आज तू तीस वर्षांची झालीस. तिथीही तीच आणि इंग्रजी तारीखही तीच, असा मेळ क्वचित बसतो.

आता लिहितोच.

तुझ्या जन्माची वेळ मी कशी धरली ते तुला ठाऊक आहे, मी शंभरदा फुशारकी मारली आहे. तू झालीस तेव्हा मी कर्जतला सांध्यावर होतो. पुण्याकडची गाडी घाट चढायला मागचं इंजिन लावून निघाली, तिने शिट्टी घातली. आपलं घर रुळाजवळ. सुईण म्हणाली, शिट्टी झाली आणि पोरीने टाहो फोडला. गाडीचा टाइम टेशनाच्या वहीत होता, संध्याकाळचे पाच वाजून बत्तीस मिनिटं. कुठल्या भटाला मिळाली असेल इतकी नेमकी वेळ? सूर्योदय पंचांगात होता. वजाबाकी केली. कुंभ लग्न आलं, आणि त्या वर्षी मंगळ कुंभेतच ठाण मांडून होता. पहिल्या घरात. कडक.

गेल्याच्या गेल्या वर्षी पौषात पोपट हसत आला. “बुवा, टेशनावरचं घड्याळ आज नऊ मिंटं पुढं सारलं. मास्तर म्हनला, मद्रासचा टाइम गेला, आता सगळ्या मुलखाला एकच टाइम.”

मी म्हटलं, “मद्रासचा? कर्जतच्या भिंतीवर मद्रासचा टाइम कशाला?”

“मंग! कवाधरनं तोच व्हता. आगगाडी सगळी मद्रासच्या टायमावर. ममईच्या घड्याळाहून अर्धा तास पुढं. तुमाला ठावं नव्हतं? मंग सांधं कसं वढत व्हता वो इतकी वर्सं? देवाच्या नावानं?”

मीही हसलो. तो गेल्यावर ओटीवर बसून राहिलो.

सुंदरा, माझं पंचांग मुंबईत छापलेलं. त्यातला सूर्योदय मुंबईचा. आणि घड्याळ मद्रासचं. मी एकातून दुसरं वजा केलं. म्हणजे एकाच्या खाचरातलं पाणी दुसऱ्याच्या मापाने मोजलं. सव्वा घटका, म्हणजे अर्धा तास, जास्त धरली गेली.

तू विचारशील, इतकी वर्षं रोज सूर्य उगवताना बघून तुमच्या ध्यानात आलं नाही? आलं होतं. पंचांगात सूर्योदय सव्वासहाचा असला की आपल्याकडे ऊन पावणेसात होऊन गेले तरी येत नसे. पण आपल्या पूर्वेला आख्खा घाट उभा आहे. मी म्हणे, डोंगर आड येतो. तुलाही तसंच शिकवलं होतं. तू पाटीवर डोंगर काढून त्याच्यामागे सूर्य दडवला होतास.

हे कळून दीड वर्ष झालं. यंदाच्या पहिल्या पत्रात लिहिलं नाही, दुसऱ्यात लिहिलं नाही. मनाने म्हटलं, अर्ध्या तासाने काय होतं, रास दोन तास चालते. पण तुझी वेळ दोन राशींच्या उंबऱ्यावरची. मांडून बघायचं धैर्य झालं नाही.

आज तुझ्या आईने ते करायला लावलं.

तिला काही सांगितलं नव्हतं. पाऊस उघडला होता, ऊन पडलं होतं, म्हणून तिला अंगणात आणून बसवलं. दुपारी मी लग्नातली घटिका काढली. तीच, बुडाला भोक पाडलेली तांब्याची वाटी. घंगाळात पाणी घेतलं. काठीची सावली सगळ्यांत आखूड झाली तेव्हा वाटी पाण्यावर सोडली. ती बुडली की एक घटका. पुन्हा सोडायची. तुझी आई बघत होती.

“कुनाचं लगीन हाय?”

मी म्हटलं, “नाही, उगीच.”

“उगीच तुमी काय करीत नाय.” मग थोड्या वेळाने, “आज पोरीचा दिवस. त्या दिशी बी मी ह्येच बघत व्हते. दारातनं हे उखळ दिसत व्हतं आनि गोठ्याची मेढ. कळा येत व्हत्या आनि मी त्या मेढीच्या सावलीला म्हनत व्हते, सरक बाय, सरक. सावली उखळाच्या कडंला टेकली आनि पोर झाली. मी तुमाला तवाच सांगितलं व्हतं.”

सांगितलं होतं. मला आठवतं. मी म्हणालो होतो, सावलीपेक्षा घड्याळ खरं.

मेढ तीच आहे, खैराचा खांब, त्याला काय होतंय. उखळ जमिनीत पुरलेलं. मी वाटी सोडत राहिलो. दहा झाल्या, अकरा झाल्या. मला वाटत होतं सावली रेंगाळावी. माझ्या वहीप्रमाणे पावणेचौदा घटका भरायला हव्या होत्या. बारा झाल्या. तेराव्या वेळी वाटी अर्धी भरली होती आणि तुझी आई म्हणाली, “टेकली.”

साडेबारा घटका.

मकर लग्न, सुंदरा. मंगळ दुसऱ्या घरात. दुसऱ्या घरातल्या मंगळाला आपल्याकडे कोणी दोष म्हणत नाही. तू मंगळी नाहीस. कधीच नव्हतीस. नामाला नाही म्हणायचं कारण नव्हतं. सोळा वर्षांची होईतो घरी बसायचं कारण नव्हतं. तुझ्याहून वीस वर्षांनी मोठा बिजवर, त्यालाही मंगळ म्हणून जुळतो, असं म्हणून तुला इगतपुरीला द्यायचं कारण नव्हतं. ते प्लेगाने गेले. त्या वर्षी त्या चाळीतले अठरा गेले. त्यांतल्या कुणाच्या बायकोला कुणी काही म्हणालं नसेल.

मी तुझ्या आईला सांगितलं. सगळं. तिने उखळाकडे बघितलं. मग म्हणाली, “आता मला आत न्या. गार लागतंय.”

आत नेताना म्हणाली, “आज लिवा. आजच टाका.”

हे लिहिलं.

बाबा


पळसदरी
भाद्रपद वद्य १०

चिरंजीव सुंदरा,

तुझी आई भाद्रपद शुद्ध दशमीला गेली. सकाळी. पेज मागितली, मी चुलीवर ठेवली, घेऊन आलो तो भिंतीला टेकून होती तशीच होती. मी वाटी खाली ठेवली. मग पेज निवली म्हणून गुरांच्या घमेल्यात ओतली. मग पोपटला बोलवायला गेलो. मी हे याच क्रमाने केलं. का ते ठाऊक नाही.

तेरावा झाला. गावाने सगळं केलं. पान वाढलं तेव्हा मी जेवलो, झोप म्हणाले तेव्हा झोपलो. डोळ्याला पाणी नाही. बायका म्हणाल्या, म्हातारा दगडाचा आहे.

आता जे लिहायचं ते हे की, सोबतचं पत्र मी टाकलंच नव्हतं. श्रावण वद्य त्रयोदशीचं. लिहिलं, घडी केली, पंचांगात ठेवलं. तिने तिसऱ्या दिवशी विचारलं, “टाकलं?” मी म्हटलं, “टाकलं.” पुढे दहा दिवस ती रोज कर्जतच्या दुपारच्या गाडीची शिट्टी ऐके. मग थोडा वेळ रस्त्याकडे बघे. मी तिच्यासमोर बसून बघे. एकदाही उठलो नाही.

भीती कसली होती ते सांगतो. तोवर तुझं वाटोळं मंगळाने केलं होतं. पत्र टाकलं असतं तर ते मी केलं असतं.

आता दोन्ही पत्रं एकाच लिफाफ्यात घालतो. तुझ्या दिराला, जावांना, कोणालाही वाचून दाखव. लिहून देतो: सुंदरा मालोजी हिच्या पत्रिकेत मंगळाचा दोष नाही, चूक पत्रिका करणाऱ्याची, खाली त्याचा अंगठा नव्हे, सही आहे. नवरा खाल्लीस असं जे तुला म्हणतात त्यांनी ते मला म्हणावं.

संध्याकाळी आता आभाळ मोकळं असतं. दिवेलागणीला तो दक्षिणेला दिसतो. पूर्वीइतका मोठा नाही, लांब चालला आहे. मासिकात त्याच्यावरच्या रेघांचंही लिहिलं आहे. कोणी म्हणतात ते कालवे आहेत, पाणी आटत चाललं तेव्हा तिथल्या शहाण्यांनी खणलेले. मला नाही पटत. मी जन्मभर खाचर बघितलं आहे. बांध फुटला, पाणी गेलं, की वैशाखात जमिनीला भेगा पडतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लांबून बघणाऱ्याला त्या मुद्दाम आखल्यासारख्या वाटतील. कोणी शहाण्याने खणलेल्या नसतात. नुसतं पाणी गेलेलं असतं.

पण खाचर एकदम आटत नाही. शेवटचं पाणी कोपऱ्यात राहतं, बांधाच्या सावलीला, सुपाएवढं. त्यात आभाळ दिसतं. तिथेही तसंच झालं असेल. समुद्र गेला, नदी गेली, आणि कुठेतरी एका कोपऱ्यात सुपाएवढं पाणी कितीतरी वर्षं राहिलं असेल, आणि कोणीतरी रोज येऊन ते आहे का बघत असेल.

तू ये असं आता लिहीत नाही.

बाबा


पळसदरी
कार्तिक शुद्ध ५

चिरंजीव सुंदरा,

तुझं पत्र भाऊबीजेच्या दिवशी पोचलं. पोपट टेशनावरून पळत घेऊन आला. “बुवा, इगतपुरीचा शिक्का!” मी म्हटलं, ठेव तिथे. तो म्हणाला, “ठेव काय ठेव? फोडा की!” तो गेल्यावर फोडलं. तुझं अक्षर बदललं नाही. र ला अजून शेपूट काढतेस.

तू लिहितेस ते मी पुन्हा इथे उतरवून घेतो, म्हणजे मला नीट कळलं की नाही ते तुला कळेल.

‘बाबा, पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. थोरली जाऊ म्हणाली, म्हंजे मंगळ नव्हता तरी नवरा मेलाच की. तेव्हा त्याने काही फरक पडला नाही. धाकटी त्या दिवसापासून मला आधी जेवायला बसवते, एवढा पडला.

मी मंगळी नाही हे मला लग्नाच्या दिवशीच ठाऊक होतं. आईने बोहल्यामागे नेऊन सांगितलं होतं. म्हणाली, मी सावली बघितली हाय, तुझ्यात कायबी खोट नाय, बाप तुझा घड्याळाला भुललाय. मी म्हटलं, मग त्यांना सांग ना. ती म्हणाली, सांगितलं, त्यांना ऐकू येत नाय. चौदा वर्षं मी वाट बघितली की तुम्ही कधीतरी तिला विचाराल. मला नाही. तिला.

तिला भेटायला मी यायला हवं होतं. तुमचं पहिलं पत्र पोचलं होतं. आले नाही, ते माझं. त्यात तुमचा वाटा घेऊ नका.

मी येणार नाही. माझ्या हिरूला माघात आठ दिवस पाठवीन, पोपटकाका कल्याणपर्यंत येतील तर. ती दहा वर्षांची आहे. तिची जन्मवेळ मी कुणालाच सांगितलेली नाही. तुम्ही तिला विचारू नका.

ती मंगळाचं सगळं वाचून घेते. विचारते, तिथल्या पाण्यात मासे होते का?’

सुंदरा, कळलं.

आई बोहल्यामागे तुला घेऊन गेली होती ते मला आठवतं. मी ओरडलो होतो, मुहूर्त टळतो म्हणून. हातात घटिका होती.

ती वाटी मी आज कासाराकडे नेली. भोकाला डाग देऊन आणलं. कासार म्हणाला, “म्हातारबा, जुनं भांडं खराब का करता? असल्या घटिका आता मिळत नाय.” मी म्हटलं, नातीला दूध प्यायला हवी आहे. घरच्या पत्रिका चुलीत घातल्या. तुझीही. गावातल्या अकरा जणांच्या मी मांडलेल्या होत्या त्या ज्याच्या त्याला परत देऊन सांगितलं, या चुकीच्या आहेत, सव्वा घटकेने. दोघं शिव्या देऊन गेले. एकजण म्हणाला, “बुवा, पोरगं सुखात हाय, आता कशाला हालवता?” त्याचंही खरं.

पोपट कल्याणला जाईल. मी विचारायच्या आतच म्हणाला, “इगतपुरीपत्तूर जातो की, कल्यान काय!”

आता हिरूला उत्तर.

तिला सांग, होते. वलगण म्हणजे काय ते तिला ठाऊक नसेल, इगतपुरीला डोंगरावर कुठली वलगण. पावसाळ्याच्या तोंडाला नदी फुगते आणि ओहोळातून उलटी आत येते. तेव्हा पोटात अंडी घेऊन मासे त्या पाण्याच्या उलट चढतात, थेट खाचरात. त्यांना कोणी वेळ सांगत नाही. तू लहान असताना परकर खोचून त्यांच्यामागे धावायचीस, आणि आई उखळाजवळ उभी राहून ओरडायची, “धर गं धर, शेपटाला नगं, डोक्याला धर!”

मंगळावरही तसंच होतं. तांबड्या मातीतून गढूळ पाणी वर येई, आणि त्या पाण्याच्या उलट मासे चढत. खाचर हिरवं. बांधावर एक बाई उभी. तिला घड्याळ ठाऊक नाही. मेढीची सावली कुठे आली आहे ते बघून ती पोरीला हाक मारते, आणि पोर घरी येते.

माघात मेढीची सावली उखळाला टेकत नाही, दोन हात अंतरावरून जाते. हिरूला ते दाखवीन. बाकी काही विचारणार नाही.

बाबा